‘95 टक्के अचूक’ वाचल्यावर काय करायचं? एआयवरचा वैद्यकीय पेपर वाचायची माझी पद्धत

मी सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्य आणि रोगप्रतिबंध हा विषय, शिकवते. बाकीच्या विभागांच्या लेखी आम्ही म्हणजे आकडेमोडीचं खातं. थीसिसचं स्टॅटिस्टिक्स अडलं की सगळ्यांना आमची आठवण होते. अलीकडे मात्र रेसिडेंट्स वेगळ्याच कामासाठी गाठतात. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते आणि खाली एक ओळ: “मॅडम, एआय रेडिऑलॉजिस्टपेक्षा भारी निघालं, बघितलं का?” मी बघते, आणि दर वेळी तेच तेच प्रश्न विचारते. ते एकदाचे लिहून काढावेत म्हणून हा खटाटोप. रेसिडेंट, छोटं हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर, आरोग्यावर लिहिणारे पत्रकार, कोणालाही चालतील. कोडिंग यायची गरज नाही. डीप लर्निंगचं गणित मलाही बेताचंच येतं. पेपरचं खरंखोटं करायला ते फारसं लागत नाही.

लागतं ते एवढंच: पेपरची पूर्ण प्रत, पुरवणीसकट. एक पेन. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. आणि जुन्या केसपेपरची कोरी मागची बाजू.

हातात एक खरा पेपर घेऊनच चालू या. 2021 साली ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये ढाक्याचा एक अभ्यास आला. तिथल्या तीन क्षयरोग तपासणी केंद्रांत 2014 ते 2016 या काळात आलेल्या 23,954 जणांचे छातीचे एक्स-रे पाच सॉफ्टवेअरना दाखवले गेले. त्यातलं एक मुंबईच्या क्यूअर डॉट एआयचं क्यूएक्सआर, एक नेदरलँड्सचं कॅडफॉरटीबी, एक कोरियाच्या लुनिटचं आणि दोन चिनी. तेच एक्स-रे बांगलादेशातल्या रेडिऑलॉजिस्टनीही वाचले होते. पाचही सॉफ्टवेअर माणसांपेक्षा सरस ठरली. बातमीला एवढं पुरतं. आपलं काम इथून पुढे सुरू होतं.

पहिला तक्ता आधी

निकालाचं पान उघडायचा मोह आवरा. गोषवारा तर शेवटी वाचा. तो लेखकांनी स्वतःच्या पेपरची केलेली जाहिरात असते. आधी ‘मेथड्स’ आणि तक्ता क्रमांक एक. प्रश्न एकच: ही माणसं आली कुठून?

ढाक्याच्या पेपरमध्ये उत्तर सरळ आहे. पंधरा वर्षांवरचे, स्वतःहून आलेले किंवा कोणी पाठवलेले लोक. आलेल्या प्रत्येकाचा एक्स-रे काढला आणि प्रत्येकाची थुंकीही तपासली. त्यातल्या 15.3 टक्क्यांना क्षयरोग निघाला. हा आकडा केसपेपरच्या मागे ठळक लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उलटा नमुना. कोविडच्या पहिल्या वर्षात छातीच्या एक्स-रे आणि सीटीवरून कोविड ओळखणाऱ्या एआयच्या पेपरांचा पूर आला होता. केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने एका गटाने 2020 मधले असे 2,212 पेपर गोळा केले. दर्जाची चाळणी लावल्यावर 62 उरले. आणि त्या 62 मधलं एकही मॉडेल दवाखान्यात वापरण्याजोगं नाही, असा निष्कर्ष 2021 मध्ये ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’मध्ये छापून आला. दोष अनेक होते, पण मला त्यातला एक पाठ आहे. काही जणांनी कोविडचे एक्स-रे मोठ्या माणसांचे घेतले आणि ‘कोविड नसलेले’ म्हणून इंटरनेटवर फुकट मिळणारा न्यूमोनियाचा संच घेतला, जो एक ते पाच वर्षांच्या मुलांचा होता. मशीनने मूल कोणतं आणि बाप्या कोणता, एवढं ओळखलं तरी पेपरात 98 टक्के अचूकता झळकते. पहिला तक्ता नीट वाचणाऱ्या कोणाही इंटर्नला हे दिसलं असतं. वयाचा रकाना असतोच तिथे. आणि नसेल, तर पेपर तिथेच मिटा.

खरं काय ते कोणी ठरवलं?

मशीन बरोबर की चूक हे ठरवायला समोर एक ‘खरं उत्तर’ लागतं. ते कुठून आणलं, हा माझा दुसरा प्रश्न. माझ्या मते पेपरचा निम्मा दर्जा इथेच ठरतो.

ढाक्यात खरं उत्तर ‘एक्स्पर्ट’ नावाच्या, थुंकीत क्षयरोगाच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीने ठरवलं. आपल्याकडे तिला सीबीनॅट म्हणतात. ही तपासणीही शंभर टक्के नाही, बेडका नीट पडला नाही तर ती चुकते. पण ती एक्स-रेपासून स्वतंत्र आहे. त्यामुळे रेडिऑलॉजिस्ट आणि मशीन दोघांना एकाच बाहेरच्या मापाने मोजता आलं.

याच्याशी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेने 2017 मध्ये खुला केलेला संच ताडून पाहा. 30,805 रुग्णांचे 1,12,120 एक्स-रे. त्यावर पेपरांचा डोंगर उभा राहिला. पण त्या एक्स-रेंवरची ‘न्यूमोनिया’, ‘न्यूमोथोरॅक्स’ (फुफ्फुसाबाहेर हवा साठणं) वगैरे लेबलं रेडिऑलॉजिस्टच्या रिपोर्टांमधून एका प्रोग्रामने शब्द वेचून लावलेली होती. रिपोर्ट कसे लिहिले जातात हे तुम्हाला ठाऊक आहे. “मागच्या फिल्मच्या तुलनेत बदल नाही” एवढ्या ओळीवरून प्रोग्रामने कोणता आजार वेचायचा?

जिथे लॅबची तपासणी नसते तिथे डॉक्टरांचं मतच माप मानावं लागतं. हरकत नाही, पण किती जणांचं? मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणाऱ्या बदलांवरचा गूगलचा 2016 चा ‘जामा’तला पेपर घ्या. मशीनला शिकवण्यासाठी घेतलेला प्रत्येक फोटो तीन ते सात वेळा तपासून घेतला होता. हे मला पटतं. एकाच डॉक्टरने एकदाच बघून ठरवलं असेल, तर त्या डॉक्टरचा थकवा आणि सवयीही मशीनने उचलल्या असं धरून चाला.

इथे एक खोच आहे, ती जर्नल क्लबात, म्हणजे आम्ही मिळून पेपर वाचतो त्या बैठकीत, हमखास निसटते. थुंकीची तपासणी सगळ्यांची केली, की फक्त मशीनने ‘संशयित’ म्हटलं त्यांचीच? फक्त संशयितांचीच केली असेल, तर मशीनच्या नजरेतून सुटलेले रुग्ण कोणाला कधी कळणारच नाहीत आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले ते प्रमाण, झकास दिसेल. ‘मेथड्स’मध्ये हे एका ओळीत असतं. ती ओळ सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

मशीन भलतंच काही वाचतंय का?

एक्स-रे फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावा, आणि फुफ्फुसाकडे न बघता कडेला बघा. कोपऱ्यात शिशाचा डावा-उजवा मार्कर आहे. प्रत्येक विभागाचा मार्कर वेगळ्या घडणीचा. कुठे ‘पोर्टेबल’ असं लिहिलेलं, म्हणजे यंत्र रुग्णाच्या खाटेजवळ नेलेलं. आयसीयूतला रुग्ण असेल तर ईसीजीच्या तारा, सेंट्रल लाइन, खांदे वर सरकलेले. फुफ्फुस झाकून ठेवलं तरी हा माणूस अत्यवस्थ आहे हे तुम्ही सांगाल. मशीनही सांगतं, आणि मग ते फुफ्फुस शिकायच्या भानगडीत पडत नाही.

2018 मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये न्यूमोनियावरचा एक अभ्यास आला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायच्या एक्स-रेंत न्यूमोनिया 34.2 टक्के, एनआयएचच्या संचात 1.2 टक्के. दोन्ही एकत्र करून शिकवलेल्या मॉडेलला एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलचा हे जवळजवळ शंभर टक्के ओळखता येत होतं. हॉस्पिटल कळलं की न्यूमोनिया ओळखायचं निम्मं काम झालंच! तिसऱ्या ठिकाणच्या एक्स-रेंवर मात्र कामगिरी घसरली. न्यूमोथोरॅक्सची गोष्ट अशीच. एनआयएचच्या संचातल्या न्यूमोथोरॅक्सच्या कितीतरी फिल्मवर आयसीडीची, म्हणजे उपचार म्हणून छातीतली हवा काढायची, नळी आधीच टाकलेली दिसते. म्हणजे मशीन नळी शोधायला शिकलं. ज्याला नळी घातलेली आहे त्याचं निदान आधीच झालंय, हे सांगायला एआय कशाला हवं?

म्हणून पेपरात दोन गोष्टी शोधा. मशीन चित्राच्या कोणत्या भागाकडे बघतंय हे त्यांनी दाखवलं आहे का? आणि ज्यांच्या अंगावर नळ्या-तारा नाहीत अशा रुग्णांवर वेगळा निकाल दिला आहे का? रंगीत उष्णतानकाशे छापले म्हणजे काम झालं असं मात्र नाही. सुंदर निघालेले चारच छापतात सगळे.

याला जोडूनच पेपरफुटी. शिकवायला वापरलेले एक्स-रे आणि परीक्षेला वापरलेले एक्स-रे वेगळे हवेत हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकाच रुग्णाचे पाच एक्स-रे असतील आणि तीन शिकवणीत, दोन परीक्षेत गेले, तर पेपर फुटलाच. वरचा आकडा पुन्हा बघा: 30,805 रुग्ण, एक लाख बारा हजार फिल्म. वाटणी फिल्मनिहाय केली की रुग्णनिहाय, हे स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. त्याहून उत्तम म्हणजे परीक्षा संपूर्ण परक्या हॉस्पिटलात घेतलेली असणं. ढाक्याच्या पेपरचं मला आवडलेलं अंग हेच: ते एक्स-रे पाचही सॉफ्टवेअरनी शिकताना पाहिलेले नव्हते.

परकी परीक्षा का हवी, याला 2021 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. एपिक कंपनीचं सेप्सिसची (जंतुसंसर्गाने शरीरभर होणाऱ्या जीवघेण्या बिघाडाची) पूर्वसूचना देणारं मॉडेल अमेरिकेतल्या शेकडो हॉस्पिटलांत आधीच चालू होतं. मिशिगनवाल्यांनी आपल्या हॉस्पिटलातल्या रुग्णांच्या 38,455 भरतींवर ते स्वतंत्रपणे तपासलं. एयूसी (आजारी आणि निरोगी वेगळे ओळखण्याचे गुण: 1 म्हणजे बिनचूक, 0.5 म्हणजे नाणेफेक) निघाला 0.63, कंपनीचा दावा 0.76 ते 0.83 होता. सेप्सिस झालेल्यांपैकी 67 टक्के मॉडेलच्या नजरेतून सुटले, आणि तरीही एकूण भरतींपैकी 18 टक्क्यांना धोक्याची घंटा वाजली. आमच्याकडच्या वॉर्डात एवढ्या घंटा वाजल्या असत्या तर सिस्टरनी दुसऱ्या दिवशी स्पीकरची वायर काढून ठेवली असती, आणि मी त्यांना दोष दिला नसता.

केसपेपरच्या मागचं गणित

आता निकाल उघडा. एयूसीचा आकडा वाचा आणि सोडून द्या. तो एक क्रमवारीचा आकडा आहे. आजारी माणसाला निरोग्यापेक्षा जास्त गुण देण्यात मशीन किती पटाईत आहे एवढंच तो सांगतो. तुमच्या ओपीडीत मशीन दर फिल्मला एक गुण देणार, आणि किती गुणांच्या वर थुंकी पाठवायची हे कोणीतरी ठरवणार. ती रेषा कुठे ओढली, कोणी ओढली आणि निकाल बघण्याआधी ओढली की नंतर, हे शोधा. निकाल बघून ओढलेली रेषा नेहमीच सुरेख दिसते.

ढाक्यात त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी लावली: सेन्सिटिव्हिटी किमान 90 टक्के ठेवून स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोग्यांपैकी किती जणांना निरोगीच म्हटलं ते प्रमाण, किमान 70 मिळते का? पाचपैकी दोघांनाच जमलं. क्यूएक्सआर 74 च्या थोडं वर, कॅडफॉरटीबी 73 च्या आसपास. “पाचही माणसांपेक्षा सरस” आणि “पाचपैकी दोनच कसोटीला उतरली” ही दोन्ही वाक्यं त्याच पेपरातली. बातमीत कोणतं आलं ते तुम्ही बघितलंच.

पेन घ्या. सेन्सिटिव्हिटी 90, स्पेसिफिसिटी 74 धरू.

ढाक्याच्या केंद्रात 1,000 माणसं आली. 15.3 टक्क्यांनी 153 रुग्ण. त्यातले 138 मशीन पकडतं, 15 सुटतात. उरलेल्या 847 निरोग्यांपैकी 26 टक्के, म्हणजे 220 जण, उगाच संशयित ठरतात. एकूण 358 जणांची थुंकी तपासायची आणि त्यात 138 खरे रुग्ण. पाचात दोन. फार चांगला सौदा आहे. 1,000 च्या जागी 358 तपासण्या.

आता तेच सॉफ्टवेअर गावात न्या. घरोघरच्या तपासणीत. भारताच्या 2019-21 च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या लोकांत लाखामागे 316 जणांना फुफ्फुसाचा क्षयरोग निघाला. एक लाख लोक घ्या. 316 पैकी 284 पकडले. पण निरोगी आहेत 99,684, आणि त्यांच्या 26 टक्के म्हणजे जवळपास 25,900. एकूण 26,200 जणांना थुंकीसाठी डबी द्यायची आणि त्यात 284 रुग्ण. ब्याण्णवात एक.

मशीन तेच, टक्केवारी तीच. फक्त माणसं बदलली. रेसिडेंट्सना हे सांगून पटत नाही, त्यांच्याच हातून मांडून घ्यावं लागतं. कोणी हुशार असतो तो म्हणतो, “मॅडम, गावात जुने डाग कमी, फुफ्फुसं स्वच्छ, म्हणजे स्पेसिफिसिटी वाढेल.” बरोबर आहे. 90 धर. तरी 9,968 निरोगी अडकतात, छत्तिसात एक. मग पुढचा प्रश्न त्याचा त्यालाच सुचतो: एवढी सीबीनॅटची कार्ट्रिज किंवा त्याच कामाच्या, गोव्याच्या मोलबायोच्या ट्रूनॅट तपासणीच्या चिप जिल्ह्यात आहेत का?

याचा अर्थ एक्स-रे गावात नेऊ नका असा कोणी काढू नये. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात, एक्स-रे केला नसता आणि फक्त लक्षणं विचारली असती तर 42.6 टक्के रुग्ण हाती लागलेच नसते. खोकला नसलेला क्षयरोग आपल्याकडे एवढा आहे. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरच्यांच्या एक्स-रे वाचनासाठी अशी सॉफ्टवेअर वापरायला मान्यता दिली ती उगाच नाही. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 100 दिवसांच्या मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरली तेव्हा प्रत्येक तालुक्याला एक रेडिऑलॉजिस्ट कुठून आणायचा होता? मी एआयच्या बाजूची आहे. पण रेषा कुठे ओढायची हे पुण्यातल्या ओपीडीसाठी आणि नंदुरबारच्या डोंगराळ धडगावच्या शिबिरासाठी एक असू शकत नाही, आणि ते ठरवायला कंपनीचं माहितीपत्रक पुरत नाही.

सुटले ते कोण?

सरासरी चांगली असली तरी चुका कोणाच्या वाट्याला आल्या ते बघा. बहुतेक वेळा हे पुरवणीत दडलेलं असतं, म्हणून सुरुवातीलाच पुरवणी उतरवून घ्या म्हटलं. ढाक्यात पाचही सॉफ्टवेअर वयस्कांमध्ये आणि ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला त्यांच्यात कमी पडली. आपल्या ओपीडीतले साठीचे, एकदा सहा महिन्यांची औषधं घेतलेले, वरच्या भागात व्रण असलेले आजोबा डोळ्यांपुढे आणा. नेमके तेच.

कधी चूक मशीनची नसून प्रश्नाचीच असते. 2019 मध्ये ‘सायन्स’मध्ये अमेरिकेतल्या एका प्रणालीचा अभ्यास छापून आला. जास्त देखभालीची गरज कोणाला, हे ती ठरवायची, आणि ‘गरज’ मोजायची खर्चावरून. कृष्णवर्णीय रुग्णांवर आधीपासूनच कमी खर्च होत होता, म्हणून ते कमी आजारी ठरले. माप सुधारलं तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर जाईल असा त्यांचा हिशोब होता. आपल्याकडे कोणी विमा दाव्यांवरून ‘आजारी कोण’ शिकवायला निघालं तर हे आठवा. दावा करायला आधी हॉस्पिटल गाठावं लागतं.

पेपर संपतो तिथे दवाखाना सुरू होतो

गूगलच्या डोळ्यांच्या मॉडेलचा एयूसी 0.99 होता. पुढे तेच थायलंडच्या 11 दवाखान्यांत नेलं आणि 2020 मध्ये त्याचा अनुभव प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांतल्या 1,838 फोटोंपैकी 21 टक्के मशीनने ‘दर्जा पुरेसा नाही’ म्हणून नाकारले. कारण? काही दवाखान्यांत खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता. इंटरनेट रखडायचं, त्यामुळे रांग खोळंबायची. आणि फोटो नाकारला की त्या रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे जायला सांगायचं, म्हणजे दुसऱ्या गावी, दुसऱ्या दिवशी, रजा काढून. नर्सना स्वतःला फोटोत काही वावगं दिसत नसतानाही. हा पेपर डॉक्टरांच्या जर्नलात आला नाही, संगणकवाल्यांच्या परिषदेत आला, म्हणून आपल्याकडे कोणी वाचत नाही. वाचाच. एयूसीचे दहा पेपर वाचण्यापेक्षा जास्त कळतं.

म्हणून मी पेपरांची उतरंड लावते. साठवलेल्या फोटोंवरचा निकाल तळाला. समोर आलेल्या रुग्णांवर केलेला त्याच्या वर. चिठ्ठ्या टाकून, एका गटाला एआय आणि एका गटाला नेहमीची पद्धत, असा केलेला सगळ्यांत वर. असे कमी असतात, पण आहेत. स्वीडनच्या मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) ‘मसाई’ चाचणीत 80 हजारांवर स्त्रियांचा पहिला निकाल 2023 मध्ये आला. नेहमीच्या पद्धतीत हजारामागे 5.1 कर्करोग सापडले, एआयच्या मदतीने 6.1, आणि वाचनाचं काम 44 टक्क्यांनी घटलं. इतक्या चांगल्या निकालावरही एक प्रश्न शिल्लक ठेवा: जास्त सापडले त्यातले जिवावर उठणारे किती?

आणि माणसाचं काय होतं तेही बघा. पोलंडच्या चार केंद्रांतला 2025 चा एक अभ्यास आहे. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करणारे डॉक्टर एआयला सरावल्यावर, एआय बंद असताना त्यांना अडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल अशी गाठ, सापडण्याचं प्रमाण 28.4 वरून 22.4 टक्क्यांवर आलं. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, कारण दुसरंही असू शकेल. तरी रेसिडेंट्सनी आधी स्वतः फिल्म वाचून मत लिहावं आणि मग मशीनचं बघावं, हा नियम मी सुचवते तो यामुळेच. एक रेडिऑलॉजीचे सर मला म्हणाले, “बाई, आधी त्यांना स्वतःचं मत असू दे!” तो वेगळा विषय.

बोलक्या, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या, एआयबद्दल थोडक्यात, कारण आता निम्म्या पीडीएफ त्याच्याच असतात. परीक्षेचे प्रश्न सोडवले हा निकाल मी बाजूला ठेवते. परीक्षेच्या प्रश्नात वय, ताप किती दिवस, प्लेटलेट्स, सगळं मांडून दिलेलं असतं. ओपीडीत “अंग दुखतंय” एवढ्यावर सुरुवात होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1,298 सामान्य लोकांना काल्पनिक दुखण्यांचे प्रसंग देऊन हेच तपासलं. मॉडेलला प्रसंग थेट दिला तर 94.9 टक्के वेळा आजार बरोबर सांगितला. तेच मॉडेल लोकांनी स्वतः प्रश्न विचारून वापरलं तेव्हा 34.5 टक्क्यांहूनही कमी. असा पेपर आला की बघा, टाइप करणारा कोण होता? डॉक्टर, संशोधक की रुग्ण?

विकायला आलेल्याला काय विचारायचं

मध्यंतरी एका कंपनीचा प्रतिनिधी आमच्याकडे चकचकीत फाइल घेऊन आला. पहिल्याच पानावर एक पेपर. मी विचारलं, “यात कोणतं व्हर्जन तपासलंय?”

“मॅडम, तेच आहे. आता अपडेटेड.”

“म्हणजे तेच की अपडेटेड?”

तो हसला आणि ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला. बिचारा पोरगा, त्याचा काय दोष. पण हा प्रश्न खरा आहे. व्हर्जन बदललं की गुणांची पट्टी बदलते. जुन्या व्हर्जनचे 60 गुण म्हणजे नव्याचे 60 नव्हेत. पेपर एका व्हर्जनचा आणि इन्स्टॉल दुसरं, असं सर्रास चालतं. खरेदीच्या कागदावर व्हर्जन आणि रेषेचा आकडा दोन्ही लिहून घ्या, आणि न कळवता अपडेट होणार नाही असंही. पैसे कोणी दिले आणि लेखकांतले किती जण कंपनीच्या पगारावर आहेत, हे पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात असतं. कंपनीचा पेपर म्हणजे खोटा असं नाही. फक्त दुसरा, कंपनीबाहेरचा पेपर मागा. चाचणी भारतात झाली असेल तर सीटीआरआय या सरकारी चाचणी-नोंदवहीच्या वेबसाइटवर तिची नोंद उघडा आणि आधी ठरवलेला मुख्य निष्कर्ष पेपरातल्याशी जुळतो का ते बघा. नोंद फुकट बघता येते, पाच मिनिटांचं काम.

यानंतरही घ्यायचं ठरलं, किंवा कोणाला यावर थीसिस करायचा असला, तर आधी आपल्याच दवाखान्यात तपासा. निवडक एक्स-रे नकोत. ओपीडीत लागोपाठ आले ते सगळे घ्या, हललेले आणि काळपट निघालेलेसुद्धा. एथिक्स कमिटीकडे जाताना आयसीएमआरची 2023 ची एआयबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं सोबत न्या. सदस्यांचे निम्मे प्रश्न तिथे सुटतात. एक्स-रेवरचं नाव, नोंदणी क्रमांक पुसा, आणि फिल्म कोणत्या सर्व्हरवर जाते ते लेखी घ्या. सॅम्पल साइज एकूण माणसांवर ठरवू नका, अपेक्षित रुग्णांवर ठरवा. पाचशे एक्स-रेंत दहाच रुग्ण निघाले तर सेन्सिटिव्हिटीबद्दल काहीच बोलता येत नाही. आणि मशीनने ‘ठीक’ म्हटलेल्यांपैकी काही जणांची थुंकी चिठ्ठ्या टाकून तपासाच. त्या कार्ट्रिजचे पैसे बजेटमध्ये पहिल्या दिवशीच मांडा, नंतर मागितले तर, “निगेटिव्ह आहेत ना, मग कशाला?” असंच उत्तर येतं.